वॉटरप्रूफिंगवाले चाचा

मुनीर गेल्याचं मला आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवरून कळलं. त्या दिवशी मी वैजापूरला धाकट्या भावाकडे गेलो होतो. कांद्याची ट्रॉली मार्केट यार्डात लावून आम्ही दोघं टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा सहज म्हणून फोन काढला. मुनीरच्या बायकोचे, शमीमभाभींचे, तीन फोन येऊन गेले होते. यार्डातल्या लिलावाच्या गोंगाटात ते ऐकू आले नव्हते. आणि त्यांच्या वर ग्रुपचा निरोप होता. ‘आपल्याकडे येणारे वॉटरप्रूफिंगवाले चाचा आज पहाटे वारले. सकाळी गळतीसाठी फोन केला तेव्हा त्यांच्या मिसेसने सांगितलं.’ त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. रांगेत पाचवा की सहावा निरोप असा होता : ‘अरेरे. मग आता टेरेसचं कुणाला विचारायचं?’ त्यावर दोघांनी अंगठा दाखवला होता. तोंडातला चहा मला गिळवेना. टपरीच्या मागं जाऊन मी तो थुंकला आणि तिथंच खाली बसलो. भाऊ विचारत होता, काय झालं. मला सांगता येत नव्हतं, कारण रडू येत नव्हतं, मळमळत होतं.

मिळाली ती बस पकडून आलो. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर दफन होतं, तेवढ्याला पोचलो. मातीच्या तीन मुठी दिल्या. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांच्या भिंती या माणसानं कोरड्या करून दिल्या होत्या. तिथून कुणी आलं नव्हतं. त्याचं नाव मुनीर होतं हेही त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसावं. तेव्हापासून दोन महिने उलटून गेले. चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसतो आणि दर वेळी किळस आडवी येते... आधी लोकांची, मग फिरून माझी स्वतःची. ती बाजूला सारून लिहिता येत नाही हे कळल्यावर आता तिच्यासकट लिहायला बसलो आहे.

मुनीर आणि मी एकाच सरकारी कार्यालयात होतो. तो आरेखक, मी लिपिक. वयानं तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण आमचं पहिल्यापासून अरेतुरेच. दिवसभर तो कालव्यांचे आणि पुलांचे नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी घरात काहीतरी ठोकत, घासत, रंगवत असायचा. ठेकेदार या जमातीवर त्याचा राग होता. घर लावायचं तर ते स्वतःच्या हातानं, आणि आहे त्या सामानात, असा त्याचा हट्ट. वाकडे खिळे तो फेकू द्यायचा नाही. बिस्किटांच्या डब्यात साठवून, दगडावर ठोकून सरळ करायचा. स्वभावानं गोड वगैरे मुळीच नव्हता. लोकांच्या दिवाणखान्यात गेला की छताकडं बघून त्याचं तोंड कडू व्हायचं. पीओपीचे गुलाब, त्यातून सोडलेले निळे दिवे, भिंतीवर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या वेली, याची त्याला खरोखरीची घृणा होती. ‘घर हाय का बँडवाल्याची गाडी?’ असं तो यजमानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचा.

हर्सूलच्या अलीकडे मी फ्लॅट घेतला तेव्हा मुनीरला तो दाखवायला नेलं. आधीच्या मालकानं भिंतींना पिस्ता रंगाचा तेली थर फासला होता. खोटं छत एका कोपऱ्यात खाली आलं होतं आणि त्याच्या पोकळीत कबुतरांच्या पिढ्या नांदत होत्या. आत शिरल्या शिरल्या उज्ज्वलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पदर नाकाला लावला. मी ठेकेदाराचं नाव काढलं तसा मुनीर म्हणाला, ‘ठेकेदार कशाला? हात नायत का तुला?’

सलग दोन महिने आमचे रविवार त्या घरात गेले. ते छत आम्ही उतरवलं आणि विष्ठेनं भरलेली पोती मी नाकाला रुमाल बांधून जिना उतरत खाली नेली. मुनीर भिंतीजवळ कान नेऊन बोटाच्या पेरानं टकटक करत पुढं सरकायचा. आवाज पोकळ आला की खडूनं गोल काढायचा. तेवढंच प्लॅस्टर आम्ही उकरायचो, बाकीच्याला हात लावायचा नाही. न्हाणीसाठी त्यानं फरशीवाल्यांच्या गोदामातून उरल्यासुरल्या टाइल्स निवडून आणल्या, कुठल्या पाच, कुठल्या अकरा, आणि दिवसभर जमिनीवर मांडून, मोडून पुन्हा मांडून असा काही मेळ बसवला की उज्ज्वला बघतच राहिली. खिडक्यांना तिच्या जुन्या सुती साड्यांचे पडदे झाले. एकदा तिनं त्याची शिडी जराशी सरकवली तर हा तिच्यावर खेकसला. पुढच्या रविवारी तिनं त्याला चहा दिला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तो स्वतःचा थर्मास घेऊन आला, शिडीवर बसून चहा प्यायला आणि अर्धा कप तिच्यापुढं धरला. तिला हसू आलं. असं ते घर उभं राहिलं. वास्तुशांतीला आलेले लोक विचारत होते, डिझायनर कोण. मी त्याच्याकडे बोट दाखवायचो आणि तो म्हणायचा, ‘डिझायनर नाय, मजूर. जेवणावर ठेवलेला.’

त्याच वर्षी सोसायटीनं मला सचिव केलं आणि त्याच वर्षी तळमजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा झाला. मुनीर तेव्हा शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होता. खोल्या वरच्या मजल्यावर, जिना उभा आणि एका माणसापुरता अरुंद. त्याच्या अम्मीचे गुडघे गेलेले. दोन वर्षं ती म्हातारी त्या जिन्यावरून खाली आली नव्हती. तिचं एकच मागणं होतं, उन्हात बसायचं. आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटला मागं ओसरीएवढी मोकळी जागा होती आणि तिथं सकाळचं ऊन यायचं. मुनीरनं ती जागा दहा वेळा पाहिली. मग एक दिवस ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन, नेहमीच्या त्याच्या ताठ्यात नाही, जरा हळू आवाजात म्हणाला, ‘दत्ता, तो खालचा फ्लॅट... मालकाशी बोललोय मी. त्याला चालतंय. फक्त सोसायटीची ना हरकत पायजे म्हणतो.’

मी म्हणालो, ‘त्यात काय, मीच तर सचिव आहे.’

सभा पार्किंगमध्ये भरली. मी विषय मांडला. मग आमचे अध्यक्ष म्हणाले, ‘माणूस चांगलाच आहे हो, आम्ही बघितलाय ना. प्रश्न माणसाचा नाहीये.’ मग प्रश्न कशाचा आहे हे एकेकानं सांगायला सुरुवात केली. कुणाला स्वयंपाकाच्या वासाची काळजी होती. कुणाला वाटत होतं, आज एक येईल आणि उद्या त्याचे दहा नातेवाईक. कुणी म्हणालं, आमचं काही नाही, पण घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांना चालायचं नाही. स्वयंपाकाच्या वासाबद्दल बोलणारे गृहस्थ दर शुक्रवारी वेरूळच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर मटण खायला जात. येताना मला हाक मारून शर्टाचा वास येतोय का बघायला सांगत. मला हे सगळं माहीत होतं. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. शेवटी कुणीतरी विचारलं, ‘सचिव, तुमचे मित्र आहेत ते. तुमचं काय मत?’

मी म्हणालो, ‘सगळ्यांचं जे ठरेल ते.’

आणि वहीत लिहिलं : विषय स्थगित.

वर आलो तेव्हा उज्ज्वला वाट बघत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘आणि तुम्ही काय बोललात?’ मी म्हणालो, ‘मी लिहीत होतो.’ ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसबाहेरच्या टपरीवर मी मुनीरला सांगितलं की मालकानं आधीच दुसऱ्या कुणाला तरी शब्द दिला होता म्हणे. तो ग्लास हातात फिरवत राहिला. ‘अच्छा,’ म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘तुझ्या न्हाणीतले सांधे सुकले का नीट? आठ दिवस साबणाचं पाणी नको पडू देऊ.’ मी म्हणालो, सुकले. मला केवढं सुटल्यासारखं वाटलं... सभेतल्या माझ्या त्या एका वाक्याची मला लाज वाटते, पण टपरीवरच्या त्या सुटकेची शिसारी येते. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून मी दुसरा चहा मागवला होता.

त्यानंतर मुनीर माझ्या घरात आला नाही. आमची दोस्ती तुटली असं कुणालाच म्हणता आलं नसतं. ऑफिसात डबा एकत्र, सणाला एकमेकांकडे डबे पोचवणं, सगळं तसंच होतं. पण इमारतीशी आला की खालूनच हाक मारायचा. वर ये म्हटलं तर बुटाला चिखल आहे, घाई आहे, गुडघा दुखतोय. ईदचा शीरखुर्मा आणला तरी डबा दारातून उज्ज्वलाच्या हातात द्यायचा. जी न्हाणी त्यानं हातानं बसवली होती, तिच्यात हात धुवायलाही तो कधी आला नाही. मी हे लक्षात आलंच नाही असं वागत राहिलो. एक वर्ष, दोन वर्षं, मग ती सवयच झाली.

पुढं त्यानं हर्सूल तलावाच्या बाजूला, गावाच्या टोकाला, एक अर्धवट बांधलेलं रो-हाउस घेतलं. बिल्डर मधेच काम टाकून पळालेला. आत कुणीतरी कडबा भरून ठेवायचं. पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. दार ढकललं तर कुजक्या वैरणीचा आणि मुताचा असा भपकारा आला की मी मागं सरलो. भिंती छातीपर्यंत काळ्या बुरशीनं मखमलीसारख्या झालेल्या. संडासाच्या भांड्यात सिमेंट ओतून कुणी ते बुजवलं होतं. मुनीर मधोमध उभा राहून कितीतरी वेळ भिंतींकडं बघत होता. मग त्यानं बोटाच्या पेरानं टकटक सुरू केली. खडूनं गोल काढायला जागाच उरेना, सगळीच भिंत पोकळ बोलत होती. ‘ठीक हाय,’ तो म्हणाला, ‘पहिल्यापासून करू.’

माझे रविवार पुन्हा त्याच्याकडे जाऊ लागले. ते मी प्रेमानं करत होतो की भरपाई म्हणून, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. गच्चीवर आम्ही फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले, म्हणजे पाणी मुरत नाही आणि उन्हाळ्यात छत तापत नाही. एका शाळेचे मोडके बाक भंगारात निघाले होते. ते आणून, रंधा मारून त्यांच्या फळ्यांची मांडणी केली. त्यांवर पोरांनी कोरलेली नावं मुनीरनं रंध्याखाली जाऊ दिली नाहीत. शमीमभाभी पडदे शिवायच्या, भिंती घासायच्या आणि त्याच्याशी भांडायच्या. तो चुन्यात डिंक किती घालायचा यावरून दोघांचं दोन दोन दिवस बोलणं बंद असायचं. नळाला पाणी ज्या दिवशी यायचं त्या दिवशीच ओलं काम, म्हणून कामाचे वार पाण्याच्या वारावर ठरायचे.

सगळ्यात आधी त्यानं अम्मीची खोली हाती घेतली. तिला लागून न्हाणी. संडासाचं भांडं तिच्या गुडघ्यांच्या मानानं उंच, भिंतीला धरायला दांडी, आणि खिडकी अशी की पलंगावर सकाळचं ऊन यावं. त्या खोलीचं प्लॅस्टर ओलं असतानाच अम्मी शहागंजच्या त्या वरच्या खोलीतच वारली. जिन्यातून जनाजा आडवा निघेना. एका खुर्चीला बांधून तिला खाली आणावं लागलं. पुढून मुनीर, मागून मी. शेवटच्या पायरीवर तो थांबला, दम खात म्हणाला, ‘चल... आली खाली एकदाची.’ गल्लीत तेव्हा लख्ख ऊन पडलेलं होतं. तळमजल्यावरच्या त्या ओसरीची मला आठवण झाली. त्यालाही झाली असेल. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा त्याच न्हाणीत दांडी बसवत होता. मी विचारलं, ‘आता कुणासाठी?’

‘माप घेतलेलं होतं,’ तो म्हणाला.

चार वर्षांत ते घर असं झालं की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. परभणीला दिलेली त्याची मुलगी माहेरी आली होती, तिनं फोटो काढले आणि ते फिरत फिरत आमच्या इमारतीत पोचले. एका रविवारी आमचे अध्यक्ष सहकुटुंब त्याच्याकडे घर बघायला गेले. सोबत मी होतो. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, शाळेच्या फळ्यांचा फोटो काढला, ‘किती स्वस्तात आणि किती क्लासिक’ असं चार वेळा म्हणाले. भाभींनी केलेला चहा मात्र घेतला नाही, नुकताच झाला म्हणाले. निघताना म्हणाले, ‘चाचा, आमच्याकडे पण एकदा नजर टाका. बाथरूमची ओल हॉलपर्यंत आलीय.’

मुनीर गेला. मग दुसऱ्याकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. मजुरी घ्यायचा नाही, पण काम घरच्या माणसानंच करायचं ही त्याची अट असायची. स्वतः स्टुलावर बसायचा आणि सांगायचा. अध्यक्षांना त्यानं लुंगी नेसून न्हाणीत गुडघ्यावर बसवलं आणि टाइल्सच्या सांध्यांतला वर्षानुवर्षांचा काळा चिकट मळ पत्र्याच्या पट्टीनं खरवडायला लावला. मी दारात उभा होतो. अध्यक्षांच्या बायकोनं सगळ्यांसाठी चहा आणला. आम्हाला कपबशीत, मुनीरला कागदी ग्लासात. ‘धुवायचा त्रास नको,’ असं काहीतरी पुटपुटली. मुनीरनं तो ग्लास घेतला, सावकाश संपवला, आणि मग त्याच ग्लासात खरवडलेला मळ गोळा करून तिच्या हातात दिला. ‘हे बाहेर टाका, वहिनी,’ म्हणाला. तिनं तो दोन बोटांत धरून नेला.

त्या दिवशी खाली उतरताना मी त्याला विचारलं, ‘का येतोस तू यांच्याकडे?’

तो म्हणाला, ‘बघायला येतो. आतून कसे राहतात ते.’ दोन पायऱ्या उतरून म्हणाला, ‘लई घाण राहतात, दत्ता.’

माझ्या मजल्यावरचं दार तेव्हा उघडंच होतं. उज्ज्वला दारात उभी राहून ‘भाईजान, या ना’ म्हणत होती. मुनीरनं हात कपाळाशी नेला आणि जिना उतरून गेला. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. पण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्यानंतर तो सहा वर्षं जगला आणि तेवढ्या वर्षांत मी विचारलं नाही.

तो पहाटे वजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला, उठला आणि न्हाणीच्या दारातच छातीला हात लावून बसला. भाभी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

त्यानंतरच्या आमच्या मासिक सभेत गच्चीच्या गळतीचा विषय होता. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं की चाचांचे आपल्यावर उपकार आहेत, शोकप्रस्ताव घेऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. मला म्हणाले, ‘लिहा, सोसायटीचे हितचिंतक.’ मी पेन उचललं नाही. मी म्हणालो, ‘ते सोसायटीचे सभासद झाले असते. का झाले नाहीत ते आधी लिहू, मग शोक लिहू.’ कुणाला आठवत नव्हतं. खरोखरच आठवत नव्हतं, ही मला त्यातली सगळ्यात घाण गोष्ट वाटली. मग मी जुनी वही काढून ते पान वाचून दाखवलं आणि म्हणालो, ‘यात माझंही वाक्य आहे. ते मी लिहिलेलं नाही, पण बोललो होतो.’ एक जण खुर्ची सरकवून उठला. ढाब्यावर जाणारे गृहस्थ फोन बघू लागले. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, ‘जुनं कशाला उकरता? माणूस गेलाय, निदान आता तरी.’ मी वही आणि शिक्का टेबलावर ठेवून वर आलो. शोकप्रस्ताव नंतर कुणीतरी लिहिला, तो जिन्यातल्या फलकावर लावला आहे. त्यात नाव ‘मुनिम चाचा’ असं पडलं आहे. मी ते दुरुस्त केलेलं नाही. येता-जाता दिसतं.

मुनीरच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी शमीमभाभींकडे गेलो. हे सगळं त्यांना सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. सभा, माझं ते वाक्य, टपरीवरचं खोटं. त्यांचे हात चालूच होते.

‘मालूम था उनको,’ त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कसं.

‘तो फ्लॅट सात महिने रिकामाच होता, दत्ताभाई. त्याच रस्त्यानं ऑफिसला जायचे ना ते. रोज घरी येऊन अम्मीला सांगायचे, अजून कुलूपच हाय.’ मेथीची जुडी त्यांनी बाजूला ठेवली. ‘अम्मी म्हणायची, दोस्त कू पूछ ना. ते म्हणायचे, तो सांगेल. सांगेल तेव्हा त्याच्या घरात जाईन.’

मला तिथं बसवेना आणि उठताही येईना. शेवटी मी म्हणालो, ‘भाभी, मला माफ करा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण मायेनंही नाही. ‘माफी-बिफी का मेरे कू नहीं मालूम,’ त्या म्हणाल्या. ‘ती त्यांची बात होती. ते गेले.’ मग ओट्यामागच्या भिंतीकडं हात केला. ‘हे अर्धं राहिलंय. तुम्हाला येतंय का लावायला?’

ओट्याच्या मागं टाइल्सच्या तीन ओळी लागलेल्या होत्या. त्यांच्यावर नुसतं प्लॅस्टर, आणि त्यावर पेन्सिलनं आखलेले चौकोन, नकाशावर काढावेत तसे नीट. प्रत्येक चौकोनात मुनीरच्या बारीक, रेखीव अक्षरात लिहिलेलं होतं, कुठं कुठली टाइल यायची. निळी. पांढरी, कोपरा उडालेली. वेलीची, उलटी. टाइल्स खाली पेटीत धुवून, पुसून ठेवलेल्या होत्या. मी शर्टाच्या बाह्या सारल्या, सिमेंटचा मसाला कालवला आणि पहिली निळी टाइल लावली. थापीच्या मुठीनं हळूच ठोकली. भाभी मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

‘तिरकी बसली,’ त्या म्हणाल्या. ‘काढा.’

मी काढली, मागचा मसाला खरवडला, पुन्हा लावली. तीही काढायला लावली त्यांनी. तिसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत, तेव्हा पुढची घेतली.

त्यानंतरचे तीन रविवार मी जातो आहे. आमचं बोलणं फारसं होत नाही. त्या चहा देतात, स्वतःचा घेऊन दुसऱ्या खोलीत जातात. गेल्या रविवारी शेवटची ओळ आली. खिडकीजवळच्या चौकोनाशी पोचलो तर तिथं टाइलचं नाव नव्हतं. लिहिलं होतं : ‘शमीमला विचारून.’ मी त्यांना हाक मारली आणि पेटीत उरलेल्या चार टाइल्स ओट्यावर मांडल्या. त्यांनी त्या बघितल्याच नाहीत. चष्मा काढून, भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन त्यांनी ते दोन शब्द वाचले. पुन्हा वाचले.

‘उम्रभर नहीं पूछे,’ त्या म्हणाल्या. ‘मीठ किती टाकू हे पण नाही.’

मी विचारलं, ‘यातली कुठली लावू, भाभी?’

बाहेर टाकीत पाणी पडू लागल्याचा आवाज आला, तशा त्या बादल्या लावायला वळल्या. ‘आजूबाजूचे सांधे भरून घ्या,’ जाता जाता म्हणाल्या. ‘तेवढी जागा राहू द्या. मी अजून सांगितलं नाही.’